आल्या आल्या शेपूट हलवायलाच हवी का?



गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीतल्या एका तरुण जोडप्याने कुत्रा दत्तक घेतला. शनिवारी आणला, रविवारी सगळ्या मजल्यांवर फिरवून दाखवला आणि पुढच्या रविवारी परत नेऊन सोडला! जिन्यात भेट झाली तेव्हा मी विचारलं, "अरे, काय झालं?" तर तो म्हणाला, "काका, लळाच लावून घेत नाही हो. दिवसभर पलंगाखाली. आम्ही इतकं केलं त्याच्यासाठी..."

मी काही बोललो नाही. समोरच्याला शिकवत सुटायची सवय मोडायचा माझा प्रयत्न चालू आहे. (सौ.च्या मते त्यात अजिबात यश आलेलं नाही.) पण खरं कारण वेगळं होतं. अकरा महिन्यांपूर्वी मीसुद्धा फोन उचलून "तुमची कुत्री परत घेऊन जा" म्हणालो होतो. मग त्या बिचाऱ्या पोराला कोणत्या तोंडाने उपदेश करणार? घरच्या मंडळींना यातलं अर्धंमुर्धं माहीत आहे, आज सगळंच लिहून टाकतो.

आमच्या कुत्रीचं नाव ठमी. गावठी कुत्री, रंग तांबूस, वय डॉक्टरांच्या अंदाजाने दोन वर्षं. हायवेच्या कडेला गाडीची धडक बसून पडली होती, तिथून एका संस्थेच्या मुलांनी उचलली. मागचा डावा पाय जोडला, पण चालीत किंचित लंगड राहिली. डाव्या कानाच्या टोकाला छोटी कापलेली खूण आहे. रस्त्यावरच्या कुत्र्याची नसबंदी झाली की ओळखायला म्हणून अशी खूण करतात, हे मला वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी कळलं. इतकी वर्षं मला वाटायचं, कुत्र्यांच्या भांडणात कान तुटतात!

दोन्ही मुलं बाहेरगावी, घरात आम्ही दोघंच. सकाळी फिरायला सोबत होईल, घरात जाग राहील, असा सरळ हिशोब होता. शिवाय (खोटं कशाला बोलू) आपण एका मुक्या जिवाचं भलं करतोय, हा आनंदही होता. थोडी फुशारकीही होती.

२०२५ च्या फेब्रुवारीतल्या पहिल्या गुरुवारी ठमी घरी आली. आणि आम्ही काय काय केलं ते ऐका.

दारातच सौ.ने तिला औक्षण केलं. निरांजनाची ज्योत नाकासमोर आल्यावर ठमी जी मागे सरली ती थेट चपलांच्या स्टँडखाली. तिथून ओढून काढून मी तिला गरम पाण्याने आंघोळ घातली, कारण "हायवेवरचं जनावर, घरात घ्यायचं म्हणजे स्वच्छ नको का?" मग शेजारचे आले. खालच्या मजल्यावरचे आले. कट्ट्यावरचे माझे तीन मित्र चहाला आले. प्रत्येकाने वाकून, डोक्यावरून हात नेऊन तिला थोपटलं. मी फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकले, 'नवीन सदस्य' असं लिहून. त्या फोटोंत ठमीचे कान मागे चिकटलेले, शेपूट पोटाखाली आणि डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय. तेव्हा मला तो फोटो 'गोड' वाटला होता. आज बघवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या भांड्यात आणखी पोळी टाकायला गेलो तर ती गुरगुरली. मी काय करणार? चौतीस वर्षं वर्गावर काढलेली. बोट उगारून जोरात म्हणालो, "गप!" आणि ती गप्प झाली. मला वाटलं, शिस्त लागली.

चौथ्या दिवशी, रविवारी, पुण्याहून मुलगा, सूनबाई आणि सात वर्षांचा नातू आले. ठमी डायनिंग टेबलाखाली खात होती. नातू गुडघ्यांवर रांगत तिच्याजवळ गेला आणि त्याने तिच्या गळ्यात हात टाकले. या वेळी ती गुरगुरली नाही. तिने एकदम तोंड टाकलं.

दात हाताला घासून गेला. रक्त आलं नाही, लांब खरचटलं फक्त. पण घरात जो आकांत झाला तो काय सांगू! नळाखाली हात धरून पंधरा मिनिटं साबणाने धुतला, मग लगेच डॉक्टर. ठमीला संस्थेत रेबीजची लस दिलेली होती, तरी डॉक्टरांनी नातवाला इंजेक्शन सुरू केलं आणि ठमीवर दहा दिवस लक्ष ठेवायला सांगितलं. (हे कुणीही टाळू नये. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. जखम लहान दिसते म्हणून हळद लावून बसू नका.)

संध्याकाळी निघताना मुलगा माझ्या नजरेला नजर न देता म्हणाला, "बाबा, ती इथे असेल तर आम्ही पोराला घेऊन येणार नाही." सूनबाई काहीच बोलली नाही, आणि ते जास्त लागलं.

रात्री मी संस्थेतल्या मुलीला फोन केला. पंचविशीची असेल, माझ्या नातीसारखी. म्हटलं, "घेऊन जा. आमच्याकडून नाही होणार."

ती चिडली नाही. म्हणाली, "हो सर, उद्या येते. फक्त एक सांगा, या चार दिवसांत घरात किती माणसं येऊन गेली?"

मी बोटांवर मोजू लागलो. सतरा!

ती जरा थांबून म्हणाली, "सर, तुम्ही शिक्षक होतात ना? वर्षाच्या मध्येच नवा मुलगा वर्गात आला, तर त्याला पहिल्याच आठवड्यात सगळ्यांसमोर उभा करायचात का?"

तिने सहज विचारलं होतं. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. कारण मी तसं केलं होतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. धरणात गाव गेलेल्या एका कुटुंबातला मुलगा दिवाळीनंतर माझ्या सातवीच्या वर्गात आला. शेवटच्या बाकावर खाली मान घालून बसायचा. मी तेव्हा तिशीतला, उत्साही. त्याची भीड मोडायची म्हणून तिसऱ्याच दिवशी मी त्याला फळ्याजवळ बोलावलं आणि "तुझ्या गावाबद्दल दोन वाक्यं बोल" म्हणालो. तो बोलला नाही. मी प्रेमाने पाठीवर हात ठेवला, पुन्हा म्हणालो, "बोल रे, घाबरतोस काय!" पोराची चड्डी ओली झाली. वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. मी एकदाच चौकशी केली, "वडिलांबरोबर कामाला जातो" असं कळलं, आणि मी हजेरीपटावरच्या त्याच्या नावावर रेघ मारली. त्याच्या घरी गेलो नाही. 'आपण तर चांगल्यासाठीच केलं होतं' असं मनाशी म्हणत राहिलो.

बुडालेल्या गावाबद्दल दोन वाक्यं! आज वाटतं, ती मलाही बोलता आली नसती.

असो. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला येऊ नको म्हणून कळवलं आणि ठमीला सोबत घेऊन नाही, तर ठमीला एकटं सोडून शिकायला सुरुवात केली.

पहिलं शिकलो ते हे, की गुरगुरणं हा उद्धटपणा नव्हे, ते कुत्र्याचं बोलणं आहे. "जरा लांब राहा, मला भीती वाटतेय" एवढंच ते असतं. मी "गप!" म्हणून तिचं बोलणं बंद केलं, पण भीती काही बंद केली नाही. मग पुढच्या वेळी तिने न सांगताच तोंड टाकलं तर दोष कुणाचा? "सर, कळलं नाही" म्हणणाऱ्या मुलाला आपण छडी मारली, तर त्याला कळू लागत नाही, तो फक्त विचारायचा थांबतो. ही गोष्ट मी शिक्षकांच्या शिबिरात दहा वेळा सांगितली असेल. घरात मात्र विसरलो.

गुरगुरण्याच्या आधीही कुत्रं बरंच काही सांगत असतं. जीभ बाहेर काढून ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभई देणं, तोंड फिरवणं, अंग एकदम ताठ करणं, खाता खाता थांबणं. आणि शेपूट हलली म्हणजे कुत्रं खूश, हे तर अर्धंच खरं आहे. ताठ शेपूट वर धरून भराभर हलवणारं कुत्रं तापलेलंही असू शकतं. आपण मात्र माणसासारखं हसू शोधत बसतो.

दुसरं म्हणजे जागा. आतल्या खोलीत शिवणाच्या मशीनजवळ तिला एक कोपरा दिला. जुनी गोधडी, पाण्याचं भांडं, वरून एक चादर सोडून आडोसा. नियम एकच, ठमी त्या कोपऱ्यात असताना तिकडे कुणीही जायचं नाही. मी नाही, सौ. नाही, झाडू मारणाऱ्या मावशी नाहीत. ओढून काढायचं नाही, खाताना जवळ जायचं नाही, भांड्याला हात लावायचा नाही. पाहुण्यांना तीन आठवडे बंदी. कट्ट्यावरचे मित्र रुसले. रुसू देत.

तिसरं, वेळापत्रक. हे मात्र मला छान जमतं! सकाळी साडेसहाला फिरणं, आठला जेवण, दुपारी एकदा खाली, संध्याकाळी सहाला फिरणं, साडेसातला जेवण, झोपण्याआधी पुन्हा खाली. रोज तोच रस्ता, तीच वेळ, तेच शब्द. ज्या जनावराच्या आयुष्यात उद्या काय होणार याचा कधीच भरवसा नव्हता, त्याला 'आता हे झालं की ते होणार' हे कळणं केवढं मोठं असेल! घरात शू झाली तर ओरडायचं नाही, पुसून टाकायचं. तिला फरशी आणि माती यातला फरक कुणी सांगितलाच नव्हता. घरातल्या कितीतरी गोष्टी तिने पहिल्यांदाच पाहिल्या. जिना तिला येत नव्हता. डोक्यावर फिरणारा पंखा बघून ती पोटावर सरपटायची. गुळगुळीत फरशीवर जोडलेला पाय घसरायचा, म्हणून घरभर जुन्या सतरंज्या अंथरल्या. आमच्या घराला लग्नघराची कळा आली होती.

जेवण संस्थेत होतं तेच, म्हणजे भात आणि उकडलेलं चिकन, पहिले आठ-दहा दिवस चालू ठेवायचं, मग हळूहळू बदलायचं. नाहीतर पोट बिघडतं. आमचं घर शाकाहारी, त्यामुळे इथे मोठं धर्मसंकट! शेवटी मागच्या गॅलरीत एक वेगळी शेगडी आणि एक वेगळं पातेलं आलं. चिकन मी शिजवतो. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाल्यावर मी पहिल्यांदा स्वयंपाक केला तो कुत्रीसाठी, हे सौ. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट या वस्तू कुत्र्याला विषारी ठरू शकतात, म्हणून आमटी-भाजीचं उरलंसुरलं तिला घालायचं नाही, हे सौ.ला पटायला वेळ लागला. "आमच्या माहेरचा मोती सगळं खायचा!" मोती किती वर्षं जगला ते मात्र कुणाला आठवत नाही.

चौथी गोष्ट सर्वात अवघड. काहीही न करणं. रोज दुपारी मी त्या खोलीत तिच्यापासून लांब, तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायचो आणि पेपर मोठ्याने वाचायचो. बघायचं नाही, हाक मारायची नाही. मधूनच चिकनचा एक तुकडा न बघता मागे टाकायचा. अग्रलेख, बाजारभाव, छोट्या जाहिराती, सगळं वाचून झालं. पहिले पाच दिवस तुकडे तसेच पडून राहायचे, मी खोलीबाहेर गेलो की नाहीसे व्हायचे. सहाव्या दिवशी मागे 'चप चप' आवाज आला. नवव्या दिवशी माझ्या कोपराला काहीतरी ओलं लागलं. तिचं नाक! मी हललो नाही. 'भाड्याने देणे आहे' ही जाहिरात चार वेळा वाचली.

कुकरच्या शिट्टीला ती थरथरायची. त्या मुलीने उपाय सांगितला. शिट्टी झाली की लगेच कोपऱ्यात खाऊ टाकायचा. शाळेत मानसशास्त्राच्या पुस्तकात पाव्हलॉव्ह वाचला होता, ज्याला पचनावरच्या कामासाठी १९०४ साली नोबेल मिळालं, तो. जेवणाची सूचना देणाऱ्या आवाजालाच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, हे प्रश्नोत्तरांत लिहून मार्क मिळवले होते. उपयोग साठ वर्षांनी झाला! आता तिसरी शिट्टी झाली की ठमी स्वयंपाकघराच्या दारात हजर. दोन शिट्ट्यांत भात होतो, हे तिला मंजूर नाही.

आणि एक अगदी व्यवहाराची सूचना. नव्या कुत्र्याला बाहेर नेताना नुसत्या गळपट्ट्यावर विसंबू नका. घाबरलेलं कुत्रं मान मागे खेचून पट्ट्यातून सहज निसटतं आणि मग वाट फुटेल तिकडे पळतं. त्याला तुमचं घर अजून 'घर' म्हणून माहीतच नसतं, परत कसं येणार? छातीवरून येणारा हार्नेस आणि गळपट्टा दोन्ही घाला, आणि पट्ट्यावर आपला फोन नंबर. दरवर्षी रेबीजची लस, वेळच्या वेळी जंताचं औषध, गोचिडांवर लक्ष. यात कुचराई नको.

जाणकार लोक तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक हिशोब सांगतात. तीन दिवस नुसती भीती ओसरायला, तीन आठवडे घराची रीत कळायला, तीन महिने हे आपलं घर आहे असं वाटायला. हा काही शास्त्राचा नियम नाही, अनुभवाचा आडाखा आहे. कुणाला कमी लागतात, कुणाला वर्ष. आमच्याकडे सव्विसाव्या दिवशी शेपूट हलली. तीसुद्धा माझ्यासाठी नाही, झाडू मारणाऱ्या मावशींसाठी! कारण एकच, त्या बाईंनी पहिल्या दिवसापासून तिच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. सहाव्या आठवड्यात ती पहिल्यांदा भुंकली, गॅस सिलिंडरवाल्यावर. तोवर आम्हाला ती मुकी आहे की काय अशी शंका येऊ लागली होती. सौ.ने देवापुढे साखर ठेवली.

आता माझं मत. (एवढं पाल्हाळ त्यासाठीच.)

'माया लावली की सगळं ठीक होतं' असं आपण म्हणतो. मला आता ते पटत नाही. माया आम्ही पहिल्या दिवसापासून लावत होतो, जरुरीपेक्षा जास्तच. औक्षण मायेचंच होतं, आंघोळ मायेची, नातवाने घातलेली मिठी तर शुद्ध माया. त्यातलं काहीही ठमीच्या सोयीचं नव्हतं, सगळं आमच्या हौसेचं होतं. आणि त्या मायेच्या मागे एक न बोललेली वसुली होती. आम्ही तुला वाचवलं, आता तू प्रेम दाखव. खालच्या मजल्यावरच्या त्या मुलाचं "आम्ही इतकं केलं त्याच्यासाठी" हे वाक्य म्हणूनच मला ओळखीचं वाटलं. उपकार मोजणाऱ्याच्या घरात कुणालाच मोकळं वाटत नाही, मग ते कुत्रं असो, नवी सून असो की शेवटच्या बाकावरचं पोर असो.

महाभारतातलं युधिष्ठिराचं कुत्रं सगळ्यांना ठाऊक आहे. कुत्र्याला सोडून स्वर्गात येणार नाही, असं तो इंद्राला सांगतो. मी ही गोष्ट वर्गात अनेकदा सांगितली, दरवेळी युधिष्ठिराच्या थोरवीवर जोर देऊन. आता तिच्यातली एक साधी गोष्ट लक्षात येते. पांडव हस्तिनापुरातून निघाले तेव्हा ते कुत्रं आपणहून मागे आलं होतं. कुणी त्याला बांधून आणलं नव्हतं, चुचकारलं नव्हतं. ते चालत राहिलं आणि युधिष्ठिराने त्याला चालू दिलं. आणि त्याच महाभारताच्या आरंभी, आदिपर्वात, सरमा नावाच्या देवांच्या कुत्रीची कथा आहे. तिच्या पिल्लाने यज्ञातल्या कशालाही तोंड लावलेलं नसताना जनमेजयाच्या भावांनी त्याला मारलं. ती जाब विचारायला येते आणि कुणाकडेच उत्तर नसतं. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या दोन्ही टोकांना एकेक कुत्रं बसलंय, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

कट्ट्यावर एक मित्र नेहमी म्हणतात, "माणसांना वाली नाही आणि तुम्ही कुत्र्यांचे लाड करता. शेजारच्या पोराला रस्त्यावरचं कुत्रं चावलं, त्याचं काय?" त्यांचं चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. माझ्याच नातवाला इंजेक्शनं घ्यावी लागली, मला ती काळजी शिकवायला नको. पण म्हणूनच सांगतो, घरी आणून परत सोडलेलं कुत्रं हा कुणाच्याच फायद्याचा मामला नाही. माणसाची धास्ती आधीच बसलेली, त्यात पुन्हा जागा बदललेली, पुन्हा नवी माणसं. ते आधीपेक्षा जास्त बिथरतं.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांवरून केवढा गदारोळ झाला, ते तुम्ही वाचलं असेल. ११ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने सगळी उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. २२ तारखेला मोठ्या पीठाने त्यात बदल केला. नसबंदी आणि लसीकरण करून मूळ जागी सोडा, फक्त रेबीज झालेली किंवा आक्रमक असतील ती सोडू नका. दोन्ही बाजूंचे लोक यावर तावातावाने बोलत होते. मला त्या दुसऱ्या आदेशातली एक बाब महत्त्वाची वाटली, जिच्यावर कट्ट्यावर कुणी बोललं नाही. ज्यांना दया येते त्यांनी पालिकेकडे अर्ज करून कुत्रं दत्तक घ्यावं, मात्र ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची. मला हे फार आवडलं. दया येणं हा एका संध्याकाळचा विषय आहे, जबाबदारी बारा-चौदा वर्षांची.

आणि इथे माझीच पंचाईत आहे. मी चौऱ्याहत्तरचा, ठमी तीनची. हिशोब सरळ आहे. संस्थेच्या कागदावर 'यांच्या पश्चात कुत्र्याची जबाबदारी कोण घेणार' असा एक रकाना होता. मुलाने तेव्हा हसत सही केली होती. त्या रविवारनंतर दोन महिने आमच्यात त्या सहीबद्दल एक शब्द निघाला नाही. मीही विचारलं नाही. तेवढी एक गोष्ट ठमीकडून शिकलो होतो.

दिवाळीत ते तिघं आले. ठमीच्या कोपऱ्याचं दार अर्धं लावून ठेवलं होतं, फटाक्यांमुळे रेडिओ मोठ्याने चालू. भाऊबीजेच्या दुपारी नातू मला म्हणाला, "आजोबा, मी वाचू का पेपर?" मी त्याच्या आईकडे पाहिलं. तिने मान डोलावली, पण स्वतः दारात उभी राहिली. पोरगं लांब, पाठ करून बसलं आणि दिवाळी अंकातले विनोद वाचू लागलं. दहा मिनिटांनी ठमी उठली, लंगडत आली, त्याच्या टाचेचा वास घेतला, आणि परत जाऊन गोधडीवर बसली. झालं. मिठी नाही, चाटणं नाही, फोटोसुद्धा नाही. नातू मात्र कान लाल करून तसाच बसून राहिला, हलायची छाती होईना. मुलगा निघताना म्हणाला, "बाबा, तिच्या लशीची फाईल कुठे ठेवता ते मला दाखवून ठेवा." मी दाखवली.

म्हणून कुत्रं आणायच्या विचारात असाल तर एवढंच विचारा स्वतःला. तीन महिने त्याने तुमच्याकडे बघितलंच नाही, तर चालेल का? चालणार असेल तर जरूर आणा. नसेल तर नका आणू, त्यात कमीपणा काहीच नाही. दोघांचीही फरफट वाचेल.

खालच्या मजल्यावरच्या त्या मुलाला मी अजून काही बोललेलो नाही. काल मात्र तो जिन्यात ठमीला बघून थांबला आणि म्हणाला, "काका, ही किती शांत आहे हो! सुरुवातीपासूनच अशी होती?" त्याला रविवारी चहाला बोलावलंय. ठमी बाहेर आली तर आली.

साडेसातला तिचं जेवण असतं, आता उठतो. तुमच्या घरी असं कुणी दबकत आलं असेल, दोन पायांचं किंवा चार पायांचं, तर त्याची हकीकत कळवा. वाचायला आवडेल.